माघातली धडधड

माघ लागला की शेजारच्या आवारातला आंबा मोहोरतो, आणि सकाळी दार उघडलं की तो वास सरळ घरात शिरतो. लोक त्याला गोड म्हणतात. मला तो तुरट वाटतो, नाकापेक्षा घशात जास्त जाणवणारा. तो आला की माझा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जातो. लेक बघते आणि हसते. "आई, घड्याळ तर काढून ठेवलंयस, मग काय बघतेस?" मी हात खाली घेते. मी नाडी बघत होते हे तिला ठाऊक असतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला.

आपल्या भाषेने भीती अगदी अंगात नेऊन ठेवली आहे. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातापायांतलं बळ जातं, काळजाचा ठोका चुकतो. काळीज या शब्दातली वेलांटी एक घर पुढे सरकली की काळजी होते. शाळेत शुद्धलेखनात माझी ही चूक हटकून व्हायची. पुढे एका हिवाळ्यात तीच चूक माझ्या अंगाने केली.

बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. ठाण्याला आमचं घर तलावापासून जवळ. बाबा कचेरीत कारकून होते. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पौषातल्या एका सकाळी ते बसल्या जागी गेले. हृदय बंद पडलं. तेव्हा रीत अशी, की घरातला कर्ता गेला तर उपवर मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. थांबायची आईची तयारी नव्हती. दादाने, माझ्या मोठ्या भावाने, धावपळ केली आणि वैशाखात मी डोंबिवलीला सून म्हणून आले. रडायला सवड अशी मिळालीच नाही. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले आणि लगेच बघायला येणारी मंडळी सुरू झाली. डोळे सुजलेले दिसू नयेत म्हणून आई मला सकाळीच गार पाण्याच्या घड्या डोळ्यांवर ठेवायला लावायची. त्या घड्यांखाली जे राहिलं ते राहिलं.

तेव्हाची डोंबिवली आता सांगून कोणाला पटत नाही. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण आमच्या दाराशी वीज आली नव्हती. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की भातखाचरं लागायची. भात कापून झालं की त्याच ओलाव्यावर वाल पेरत, आणि थंडी सरता सरता दारासमोर वालाच्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा पट्टा पसरे. एका बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. चाळ आणि पुढची जमीन दोन्ही गावातल्या एका जुन्या आगरी घराण्याची. मालकीणबाई ताराबाई विहिरीच्या पलीकडे राहायच्या. आमच्या घरात माणसं तीन: आमचे हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळे माई म्हणत. हे मुंबईला एका कचेरीत नोकरीला. सकाळी जात ते दिवेलागणीला परत. माई उंच, काटकुळ्या, बोलायला तुटक. मुलगा लहान असतानाच त्यांना वैधव्य आलेलं. एकटीने मुलगा वाढवताना लाड करायची सवय त्यांना लागलीच नव्हती. वाईट मात्र नव्हत्या, हे मला आधीच सांगून ठेवायला हवं.

माझी पहिली संक्रांत आली. त्याच आठवड्यात ठाण्याला बाबांचं वर्षश्राद्ध होतं. पहिला सण टाकून सुनेने जाऊ नये असं ठरलं आणि मी राहिले. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, केसांत अबोली. त्या घरात कित्येक वर्षांनी हळदीकुंकू होत होतं. माई स्वतः पुढे यायच्या नाहीत. आतल्या उंबऱ्याशी उभ्या राहून, पदर दाताखाली धरून, भरलेली खोली बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी एकेकीला कुंकू लावत पुढे सरकत होते, आणि अचानक माझ्या छातीत काहीतरी उडालं. मासा पाण्याबाहेर उसळी मारतो तसं. मग ते धावायलाच लागलं. कानांत ठोके, तोंडाला कोरड, श्वास घेतलेला पुरेना. हातातली कुंकवाची कोयरी थरथरायला लागली. मनात एकच आलं: बाबांचं असंच झालं होतं. आता मी या सगळ्या बायकांसमोर, हलव्याचे दागिने घालून, मरणार.

मेले नाही. कोयरी एकीच्या हातात दिली आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने ते आपोआप ओसरलं. बायका म्हणाल्या, सकाळपासून पोटात काही नसेल, कामं का थोडी असतात. मीही तेच म्हटलं.

पण दोन दिवसांनी ते पुन्हा आलं, केर काढताना. मग कपडे वाळत घालताना. मग काहीच करत नसताना. मोहोराचा वास तेव्हा नुकता सुटला होता. विहिरीकडच्या वाटेवर तो इतका दाट असायचा, की मला श्वास आणखीच अपुरा वाटायचा. धडधड येऊन जायची ती थोड्या वेळाची. पण ती पुन्हा येईल ही भीती मात्र दिवसभर मुक्कामाला असायची, आणि तिने माझं एकेक काढून घेतलं. आधी मी भरलेली कळशी उचलणं सोडलं, अर्धीच आणू लागले. मग एकटीने बाजारात जाणं सोडलं. न्हाताना डोळे मिटेनात. हसलं की ठोके वाढतात असं वाटायला लागलं, तेव्हा हसणंही आवरतं घेतलं. हे विचारायचे, "बरं नाही का?" मी म्हणायची, "छे, कुठे काय."

आता वाटतं, आजारी माणसाला दुखण्यापेक्षा ते लपवण्याचेच कष्ट जास्त पडत असतील.

मला आधी पकडलं ते ताराबाईंनी. विहिरीच्या काठावर दोर ओढता ओढता माझा हात सुटला आणि कळशी धाडकन पाण्यात गेली. ताराबाई पलीकडे धुणं बडवत होत्या. धावत आल्या, मला खांद्याला धरून खाली बसवलं. "अगो बाय, तोंड कसा पांढरा पडलाय तुजा! बस, बस हिकरं." माझ्या तोंडाकडे, मग पोटाकडे बघून त्या एकदम खुलल्या. माईंना दारातून हाक मारून म्हणाल्या, "माई, पेढं काडा! सून पोटुशी हाय तुमची!"

मी नाही नाही म्हणेपर्यंत बातमी चाळभर झाली होती. त्या संध्याकाळी माझ्या हातातली पाण्याची घागर माईंनी काढून घेतली आणि जेवताना माझ्या पानात लिंबाच्या लोणच्याची मोठी फोड वाढली. ती फोड बघून मला राहवेना.

"माई, तसं काही नाही."

"लाजू नकोस."

"लाजत नाही. खरंच नाही."

त्यांनी हातातलं झाकण आवाज न करता खाली ठेवलं. "मग झालंय तरी काय तुला?"

तेव्हा मी सांगितलं. छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, बाबांसारखं माझंही हृदय बंद पडेल असं वाटतं. माईंनी ते झाकण पुन्हा उचलून भांड्यावर ठेवलं. मग हळूच, कोणाला दोष द्यायचा नसावा पण बोलल्याशिवायही राहवत नसावं अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घराण्यात असलं काही आहे, हे बोलणी करताना कोणी सांगितलं नव्हतं हो."

ह्यांनी मला कल्याणला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी लावली, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "तरणीताठी पोर आहे. काहीएक झालेलं नाही. मनाचे खेळ. कामात ठेवा." गुलाबी औषधाची बाटली घेऊन आम्ही घरी आलो. माईंनी विचारलं, "काय म्हणाले?" हे म्हणाले, "काही नाही म्हणाले." माईंनी माझ्याकडे बघितलं. "काही नाही, मग ही अशी मटकन बसते का?"

काही असेल तर मी रोगट, आणि काही नसेल तर मी ढोंगी. या दोन्हींच्या मधे बसेल असा शब्द तेव्हा आमच्या घरात नव्हता, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातही नव्हता. आज तो सगळ्यांच्या तोंडी आहे. मुलं परीक्षेच्या दिवसांत सहज बोलून जातात, मला हल्ली फार टेन्शन येतं, छाती धडधडते. मला त्यांचा हेवा वाटतो. निदान नाव तरी आहे. तेव्हा मी बिननावाच्या दुखण्याने आजारी होते.

एका सकाळी माई म्हणाल्या, "चार दिवस माहेरी जाऊन ये. नीट बरी होऊन ये. घाई नको."

त्यातलं "घाई नको" ऐकूनच मी समजले. माहेरी पाठवलेल्या आणि मग घाई न झालेल्या मुली ठाण्यात आमच्याच गल्लीत दोन होत्या. ह्यांनी मला पोचवलं. आईने दार उघडलं, आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी तिचं लक्ष गेलं ते माझ्या ट्रंकेकडे. चार दिवसांसाठी ती ट्रंक मोठी होती.

शेजारणी विचारायच्या, "काय, बाळंतपणाला का?" आई म्हणायची, "नाही हो, जरा हवापालट." हवापालट म्हणजे डोंबिवलीहून ठाण्याला! माझं मलाच हसू यायचं, आणि मग हसल्याची भीती वाटायची.

दादाने मला तलावाजवळच्या एका वयस्क डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना माडीवर होता. मी जिन्याखाली उभी राहिले. जिना चढायचा नाही हा माझा तोवर नेम झाला होता. डॉक्टर स्वतः वरून डोकावले आणि म्हणाले, "सावकाश ये. मी कुठे जात नाही." मी कठडा धरून वर पोचले तेव्हा छाती ढोलासारखी वाजत होती. त्यांनी तेव्हाच नळी लावली. पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, पुन्हा पुढून. मग दादाला बाहेर बसायला सांगून मला विचारलं, "हे कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"घरात कोणाला आहे?"

"बाबा गेले ना, मागच्या पौषात."

"तू तेव्हा कुठे होतीस?"

वर्षभरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "समोरच." आणि मग सांगत गेले. बाबा ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी त्यांच्या हातात चहा दिला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आज जरा धडधडतंय गं." मी म्हटलं, "पाणी आणू?" ते "आण" म्हणाले. मी पाणी घेऊन आले, तेव्हा कप खाली कलंडलेला होता आणि चहा वर्तमानपत्रावर पसरत चालला होता.

डॉक्टरांनी नळी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "हे बघ पोरी, टांग्याचा घोडा फटाका वाजला की उधळतो. म्हणून तो आजारी असतो का?"

मी मान हलवली.

"तुझं हृदय चांगलं आहे. मी तीनदा ऐकलं. पण तुझी धडधड खोटी नाही. कोणी खोटी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. धडधड खरी आहे. तिच्याने तू मरशील, एवढंच खोटं आहे. ती आली की निजून राहायचं नाही. हातात जे काम असेल ते सावकाश करत राहायचं."

मला रडू फुटलं. साधंसुधं नव्हे, वैशाखापासूनचं, त्याच्याही आधीचं, गार घड्यांखालचं सगळं. डॉक्टरांनी दाराचा पडदा ओढून घेतला आणि खिडकीशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून, तलाव बघत उभे राहिले. माझं होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या आयुष्यात मला पुष्कळ चांगली माणसं भेटली, पण एखाद्याच्या दुःखाकडे अशी आदराने पाठ करणारं माणूस विरळाच.

त्यानंतर मी रोज सकाळी आईबरोबर तलावाकाठी फिरायला लागले. धडधड यायचीच. आधी देवळापर्यंत गेलो, मग अर्धा काठ, मग पुरा. मी एकदम बरी झाले असं मुळीच नाही. पण ती आली की मी मनात म्हणायची, घोडा उधळलाय, उधळू दे, आणि पाय ओढत पुढे जायची.

दर रविवारी हे यायचे. ताराबाईंनी दिलेल्या वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन यायचे आणि ओटीवर बसून राहायचे. मी एकदा विचारलं, "माई काय म्हणतात?"

"काही म्हणत नाही," हे म्हणाले. पिशवी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "हल्ली आपल्या घरात कोणी काही म्हणतच नाही."

आणि मग एका दिवशी, रविवार नसताना, दुपार व्हायच्या आत, माई दारात उभ्या. एकट्या. कधी नाक्यापर्यंतही सोबतीशिवाय न जाणाऱ्या माई ठाण्याला विचारत विचारत आल्या होत्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीचं काय ते कायमचं सांगायलाच विहीणबाई आल्या, असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं. माझे ठोके सुरू झाले. माई खाटेच्या कडेला बसल्या आणि पुढे केलेल्या पाण्याला हात न लावता म्हणाल्या, "मी हिला न्यायला आलेय."

आई चाचरत म्हणाली, "पण अजून तिला पुरतं बरं नाही हो."

"पुरतं बरं कधी वाटेल, हे डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही, तसं नाही सांगितलं."

"मग तोवर इथे ठेवून काय करायचं?" माईंनी माझ्याकडे बघितलं. "मला तुझं दुखणं कळत नाही. खरं सांगते, काही कळत नाही. पण तू गेल्यापासून आम्ही दोघं दोन भिंतींसारखे समोरासमोर बसतो. मला नाही सोसत." आणि मग त्या पाणी प्यायल्या, एका दमात.

मला स्टेशनचा जिना चढायला लागू नये म्हणून माईंनी उतारूंच्या मोटारीने जायचं ठरवलं. मुंब्र्यावरून डोंगराच्या कडेकडेने जाणारा तो रस्ता. मानपाड्याला उतरायचं, पुढे ताराबाईंच्या घरची बैलगाडी येणार होती. शीळफाट्याला मोटार थांबली. उतारू खाली उतरले, आम्हीही उतरून झाडाखाली उभ्या राहिलो. दोन्हीकडे सुकी खाचरं. पेरणीच्या जागेवर पालापाचोळा रचून शेतकरी जाळतात, तो राब ठिकठिकाणी पेटलेला. धूर सरळ वर जात होता. सगळं शांत होतं, आणि नेमकी तेव्हाच ती आली. जोरात. मी झाडाचं खोड धरलं.

"माई, आली."

"कोण आली?" माईंनी रस्त्याकडे बघितलं.

"धडधड."

त्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांचाच रंग उडाला. आजवर त्यांनी मला नंतर बसलेलं पाहिलं होतं. होत असताना कधी पाहिलं नव्हतं. "पाणी! अहो, कोणी पाणी द्या हो! अगं, डोळे उघडे ठेव, माझ्याकडे बघ!" त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांचे हात माझ्यापेक्षा गार पडले होते. मला एकदम त्यांचीच काळजी वाटली. मी त्यांचा हात धरला आणि माझ्या छातीवर ठेवला.

"माई, हे बघा. धावतंय नुसतं. थांबेल. डॉक्टरांनी सांगितलंय, ह्याने काही होत नाही. तुम्ही फक्त हात ठेवा."

माई हात ठेवून उभ्या राहिल्या. श्वाससुद्धा जपून घेत होत्या. मग त्यांनी दुसरा हात हळूच स्वतःच्या छातीवर नेला आणि चकित होऊन माझ्याकडे बघितलं.

"अगं, माझंही तसंच चाललंय की!"

"तुम्ही घाबरलात ना."

"मग? घाबरणार नाही?" त्या थांबल्या. दोन्ही हातांखाली दोन्हीकडचं ऐकत राहिल्या. "म्हणजे तुला हे असं होतं? रोज?"

"बहुतेक रोज."

"आणि कशाने?"

"काहीच नसताना."

"काहीच नसताना," माई पुन्हा म्हणाल्या. मग अगदी हलक्या आवाजात, "बाई गं."

तेवढंच. पण त्या "बाई गं"मध्ये माझ्यासाठी जागा होती. रोगट आणि ढोंगी यांच्या मधली. ड्रायव्हरने भोंगा वाजवेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. माझं आधी थांबलं. माईंचं मागाहून.

धडधड काही कायमची गेली नाही. दोन्ही बाळंतपणांत आली, मुलांच्या परीक्षांत आली, हे निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराच्या भर सभेत आली. माईंच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसलेली असतानाही आली. कधी वर्षवर्ष फिरकत नाही, कधी आठवड्यातून दोनदा येते. नंतरच्या डॉक्टरांनी तिला निरनिराळी नावं दिली. मी ती ऐकून घेतली.

पण तिच्याबरोबर राहायला मी शिकले ते त्याच वर्षी, शिमग्याच्या सुमाराला. आम्ही परत येऊन थोडेच दिवस झाले होते. संध्याकाळची वेळ. हे अजून यायचे होते. मी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या करत होते आणि माई माझ्यामागे वाल सोलत बसल्या होत्या. भाकरी अर्धी थापून झाली आणि माझा हात परातीतच थांबला. माईंनी मान वर न करता विचारलं,

"आलीय का?"

"आलीय."

"थापता येतेय?"

मी हाताकडे बघितलं. बोटं थरथरत होती, पण हलत होती. "येतेय."

"मग थाप."

मी थापली. फार वेळ लागला, आणि तव्यावर टाकताना ती कडेला फाटली. जेवायला बसलो तेव्हा माईंनी ती स्वतःच्या पानात वाढून घेतली.